जुन्या मोटारीच्या गादीवरचा गंज

जुन्या मोटारीच्या सीटवर उमटणारे तांबूस डाग बहुतेक वेळा आतून आलेले असतात. गादीच्या पोटात लोखंड भरपूर असते: नळीची किंवा पट्टीची चौकट, तिच्यावर बसवलेल्या स्प्रिंगा, स्प्रिंगांना एकमेकींशी बांधणारी तार, कव्हर ताणून धरणाऱ्या तारेच्या कड्या, कडेने ठोकलेल्या चुका. त्यावर गोणपाट, गोणपाटावर काथ्याचा किंवा कापसाचा थर आणि सगळ्यांत वर रेक्झिन, कापड किंवा चामडे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये १९६४ पासून तयार झालेली आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली गेलेली फियाट घ्या किंवा बंगालमधल्या उत्तरपाड्याची ॲम्बॅसडर घ्या, बारीकसारीक तपशील सोडले तर त्या पिढीच्या गाड्यांमधल्या सीटची मांडणी साधारण अशीच असते. पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले, ॲम्बॅसडरचे २०१४ मध्ये. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादा संपल्याने सेवेतून गेली. आता ज्या गाड्या उरल्या आहेत त्या हौसेने जपलेल्या आहेत. त्यांचे कारखान्यातून आलेले रेक्झिन, त्यावरची शिवण, टपाचे अस्तर या वस्तू एकदा गेल्या की परत मिळत नाहीत. कुशनवाला नवे कव्हर शिवून देतो, पण ते नवेच असते. म्हणून डाग दिसताच कव्हर उसवायला देण्याआधी तो निघू शकतो का, हे पाहायला हवे. बऱ्याच वेळा तो निघतो.

लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की गंज धरतो. त्यात मीठ मिसळले तर ही क्रिया झपाट्याने होते, कारण मिठाच्या पाण्यातून विद्युतभार सहज वाहतो आणि मीठ स्वतःच हवेतली ओल ओढून घेते. किनाऱ्यावरच्या गाड्यांना घाटावरच्या गाड्यांपेक्षा लवकर गंज लागतो तो यामुळे. पावसाळ्यात पाणी गाडीत शिरायला फार मोठी वाट लागत नाही. काचेभोवतीचे रबरी बीडिंग कडक होऊन भेगाळलेले असते, दरवाजांच्या तळाशी पाणी जायला ठेवलेली भोके मातीने बुजलेली असतात, तळाचा पत्रा एखाद्या कोपऱ्यात सडलेला असतो. शिवाय भिजलेल्या कपड्यांनी बसणारी माणसे असतातच. हे पाणी काथ्यात आणि गोणपाटात मुरते आणि स्प्रिंगांना दिवसेंदिवस चिकटून राहते.

याच पाण्यात लोखंडाचा थोडा अंश विरघळतो. समईची वात तेल वर खेचते तसे गोणपाट आणि कापसाचे धागे हे लोहयुक्त पाणी पृष्ठभागाकडे खेचतात. वर आल्यावर पाणी हवेत उडून जाते आणि विरघळलेल्या लोखंडाचे ऑक्सिजनमुळे तांबूस, न विरघळणाऱ्या गंजात रूपांतर होते. हा गंज धाग्याच्या पृष्ठभागावर बसतो, तसाच धाग्याच्या आतही तयार होतो. डागाची कड मध्यापेक्षा गडद दिसते त्याचे कारणही हेच आहे. पाणी जिथे शेवटी वाळते तिथे सगळ्यांत जास्त लोखंड साठते. रेक्झिनमधून पाणी आरपार जात नाही, म्हणून रेक्झिनच्या सीटवर डाग शिवणीच्या रेषेत, बटणांभोवती आणि जिथे वरचा थर तडकला आहे तिथे उमटतात.

साबणाने हा डाग जात नाही. साबण तेलकट मळ पाण्यात मिसळवून वाहून नेतो. गंज हा लोखंडाचा ऑक्साइड आहे, त्याच्यावर साबणाची काही मात्रा चालत नाही. धुण्याच्या सोड्याने तर पाणी अल्कधर्मी होते आणि लोखंड धाग्यात आणखी घट्ट बसते. सगळ्यांत जास्त नुकसान करणारा उपाय म्हणजे ब्लीच. क्लोरीनच्या ब्लीचने अर्धवट विरघळलेल्या स्थितीतले लोखंडही पुरते गंजात बदलते आणि फिकट डाग गडद होतो. हायड्रोजन पेरॉक्साइडची गत वेगळी नाही: लोखंडाच्या सान्निध्यात ते जोराने फुटते आणि त्यातून निघणारे तीव्र घटक सुती धागा जाळतात. डाग फिकट झाल्यासारखा वाटतो आणि काही आठवड्यांनी तिथे भोक पडते.

काम सुरू करण्याआधी तो डाग गंजाचाच आहे याची खात्री करून घ्यावी लागते. नारळाच्या काथ्यात टॅनिन असते आणि भिजलेल्या काथ्यातून तपकिरी पाणी सुटते. त्या पाण्याचा डाग गंजासारखाच दिसतो. जागेवरून थोडा अंदाज येतो: गंजाचे डाग स्प्रिंगांच्या कड्यांसारखे गोल किंवा चुकांच्या ओळीप्रमाणे ठिपक्याठिपक्यांचे असतात, तर काथ्याचे डाग मोठे, पसरट, पाण्याच्या ओघळासारखे. नजरेआडच्या कोपऱ्यात सोड्याच्या पाण्याचा एक थेंब टाकला तर काथ्याचा डाग गडद होतो. गंजात फरक दिसत नाही. पक्की परीक्षा हवी असेल तर पांढऱ्या कापसाच्या बोळ्यावर सौम्य आम्ल घेऊन डाग टिपावा आणि तो बोळा बाजूला नेऊन त्यावर शाळेच्या प्रयोगशाळेत असते त्या पोटॅशियम फेरोसायनाइडचा थेंब टाकावा. लोखंड असेल तर बोळा गडद निळा होतो. ही परीक्षा बोळ्यावरच करायची असते, सीटवर चुकूनही नाही, कारण तो निळा रंग गंजाहून चिवट असतो.

यानंतरची पायरी बहुतेकजण वगळतात आणि सगळी मेहनत तिथेच वाया जाते. गादीच्या पोटातला गंज तसाच ठेवून वरचा डाग काढला, तर धुतलेले पाणी वाळतानाच नवे लोखंड वर घेऊन येते आणि दोन दिवसांत डाग पुन्हा उमटतो. कधी तो आधीपेक्षा मोठा असतो. म्हणून सीट गाडीबाहेर काढणे, उलटी करणे आणि शक्य असेल तर कव्हर सोडवणे हे खरे काम. सीट तळाला धरणारे बोल्ट गंजून धरलेले असतात. त्यांवर आदल्या दिवशी गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे, पण ते कापडावर ओघळू देऊ नये. कव्हर धरणाऱ्या कड्या पक्कडीने उघडून एकेक काढाव्यात. जुने रेक्झिन थंडीत कडक असते आणि ओढले की शिवणीवर फाटते, त्यामुळे ते थोडा वेळ कोवळ्या उन्हात ठेवून नरम झाल्यावर हात लावणे बरे. हे काम अनुभवी कुशनवाल्याच्या हातून करून घेतले तरी चालेल, मात्र जुने कव्हर परत हवे आहे हे त्याला आधीच बजावून सांगावे.

उघड्या पडलेल्या चौकटीवरचा सुटा गंज तारेच्या ब्रशने उतरवावा, पण हे काम कापडापासून दूर, शक्यतो अंगणात करावे. तारेच्या ब्रशचे आणि भांडी घासायच्या तारेच्या घासणीचे बारीक कण धाग्यांत अडकतात आणि पहिल्याच ओलीला प्रत्येक कणाचा एक नवा ठिपका होतो. सीटच्या कव्हरवर तारेची घासणी कधीच चालवू नये. ब्रशनंतर उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण लावले की त्याचे लोहफॉस्फेटच्या स्थिर थरात रूपांतर होते. त्यावर प्रायमर आणि रंग द्यावा. बाजारात टॅनिनवर चालणारी गंजरोधकेही मिळतात. ती गंजाला काळानिळा करतात आणि तो काळा थेंब कव्हरवर पडला तर दुसरेच संकट उभे राहते. स्प्रिंगांवर जाड रंग टिकत नाही, वाकताना तडकतो. तिथे पातळ हात दोनदा द्यावा. जुन्या कड्या फेकून जस्ताचा मुलामा दिलेल्या किंवा स्टेनलेस स्टीलच्या घ्याव्यात. कुजलेले गोणपाट बदलावे. ते डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे मूळ रूप जपण्याचा आग्रह तिथे सोडायला हरकत नाही.

आता डागाकडे. गंज पाण्यात विरघळत नाही, पण काही आम्ले लोखंडाच्या कणाला धरून ठेवतात आणि विरघळलेल्या रूपात बाहेर घेऊन जातात. नुसता आंबटपणा इथे पुरत नाही, लोखंड पकडून ठेवण्याची ताकदही लागते. व्हिनेगरमधले ॲसिटिक आम्ल आंबट असते पण त्याची पकड ढिली असते, म्हणून व्हिनेगरने ताजा डाग जेमतेम फिकट होतो. सायट्रिक आम्लाची पकड चांगली असते आणि ते किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळते. ऑक्झॅलिक आम्लाची पकड त्याहून मजबूत असते. अळू आणि पालकातही ते असते. अळूच्या पानांनी घसा खाजतो तो त्याच्याच कॅल्शियम क्षाराच्या सुयांसारख्या स्फटिकांमुळे. वस्त्रसंवर्धनाच्या प्रयोगशाळांत सोडियम डायथायोनाइट वापरतात. ते गंजातल्या लोखंडाला विरघळणाऱ्या अवस्थेत परत आणते, पण कापडाचा रंगही उडवू शकते, त्याला गंधकाचा उग्र वास असतो आणि त्याची भुकटी ओली झाली तर तापून पेट घेऊ शकते. घरच्या कामात ते न आणलेलेच बरे.

घरोघरी लिंबू आणि मीठ चोळून कपड्यावरचा गंज काढतात. कपड्याला तो उपाय चालतो, कारण नंतर कपडा भरपूर पाण्यात खळबळून निघतो. मोटारीच्या सीटला तो चालत नाही. गादीत उरलेले मीठ स्प्रिंगांपर्यंत पोहोचते आणि पुढच्या पावसाळ्यात नवा गंज धरण्याची सोय करून ठेवते. लिंबाच्या रसात साखरही असते, ती चिकट राहते आणि तिच्यावर बुरशी धरते. लिंबूसत्त्वाचे स्फटिक पाण्यात विरघळवून घेतले की दोन्ही अडचणी टळतात. एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम हे प्रमाण बहुतेक डागांना पुरते. पाणी कोणते घ्यावे यालाही महत्त्व आहे. बोअरिंगच्या पाण्यात लोखंड असू शकते आणि मग डाग काढतानाच नवा डाग पडतो. पेट्रोल पंपावर बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड वॉटर घ्यावे. बॅटरीत भरायचे ॲसिड वेगळे असते, दोन डब्यांची गफलत होऊ देऊ नये.

कोणत्याही द्रावणाची परीक्षा आधी सीटच्या खालच्या दुमडीवर करावी. पांढरा बोळा भिजवून तिथे १० मिनिटे दाबून धरावा. बोळ्यावर कापडाचा रंग उतरला तर थांबावे.

रेक्झिनचे काम सगळ्यांत सोपे. मूळ रेक्झिन इंग्लंडमधले नायट्रोसेल्युलोजचा लेप दिलेले कापड होते. भारतात नंतर पीव्हीसीचा थर असलेल्या कापडालाही तेच नाव चिकटले. वरच्या थराला सौम्य आम्लाने धोका नसतो. भिजवलेला कापूस डागावर ठेवून त्यावर प्लास्टिकचा तुकडा झाकावा म्हणजे द्रावण वाळत नाही, अर्ध्या तासाने टिपून घ्यावे, स्वच्छ पाण्याच्या फडक्याने पुन्हा पुन्हा पुसावे आणि गरज वाटली तर सगळे परत करावे. थिनर, पेट्रोल आणि ॲसिटोन यांना मात्र सीटजवळ थारा देऊ नये. रेक्झिनला लवचिक ठेवणारा घटक ते ओढून काढतात आणि सीट तडकायला लागते. शिवणीजवळ विशेष जपावे लागते, कारण आतला दोरा सुती असला तर आम्ल त्यात शिरते आणि पुसून निघत नाही. तिथे द्रावण बोळ्याऐवजी बारीक काडीला गुंडाळलेल्या कापसाने लावावे.

कापडाच्या सीटवर खरी कसोटी लागते. द्रावण ओतले तर ते डागातले लोखंड घेऊन पसरते आणि वाळताना नवी, मोठी कड तयार करते. म्हणून कडेकडून मध्याकडे टिपत जावे आणि शक्य असेल तिथे लेप वापरावा. पांढऱ्या टिश्यूचा किंवा कापसाचा लगदा लिंबूसत्त्वाच्या द्रावणात भिजवून डागावर बोटभर जाडीने थापायचा. पहिली २० मिनिटे झाकून ठेवायचा म्हणजे आम्लाला काम करायला वेळ मिळतो, मग उघडा ठेवून जवळजवळ वाळू द्यायचा. ज्या ओढीने गंज आतून वर आला, त्याच ओढीने आता तो कापडातून लेपात जातो. लगद्याऐवजी केओलिन, म्हणजे पांढरी चिनी माती, चालते. मुलतानी मातीत लोखंड असते, ती नको. खडूची भुकटी आम्लाला निष्प्रभ करून टाकते, तिचाही उपयोग नाही. लेप तांबूस झाला की काढून नवा लावायचा. जुन्या डागाला असे दोन-तीन लेप लागतात.

यानंतर धुणे. हा भाग डाग काढण्याइतकाच मोलाचा आहे. कापसात राहिलेले आम्ल वाळताना तीव्र होत जाते आणि सेल्युलोजची साखळी तोडते. डाग जातो आणि वर्षभरात कापड हातात येते. डिस्टिल्ड पाणी थोडे थोडे फवारून ते पाणी ओढणाऱ्या व्हॅक्यूम क्लीनरने लगेच खेचून घ्यावे. निघणाऱ्या पाण्यात निळा लिटमस कागद तांबडा होईनासा झाला की धुणे पुरे झाले असे समजावे. सुती कापडाला शेवटच्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा चालतो. लोकरीच्या कापडाला चालत नाही. जुन्या ब्रिटिश गाड्यांत सीट आणि टपाला लोकरीचे कापड सापडते. लोकर आम्ल सोसते, पण अल्कधर्मी पाण्याने खराब होते.

लिंबूसत्त्वाने न हटलेल्या डागावरच ऑक्झॅलिक आम्ल वापरावे, लिटरला २० ग्रॅम, त्याहून तीव्र नाही. ते विषारी आहे. पोटात गेले तर शरीरातले कॅल्शियम पकडते आणि मूत्रपिंडांवर घाला घालते. हातमोजे, चष्मा आणि उघडी हवा हवीच, भुकटी उडू देऊ नये आणि सीट पूर्ण धुतल्याशिवाय तिच्यावर मुलांना बसू देऊ नये. नळाच्या जड पाण्यात ते कॅल्शियमशी संयोग पावून न विरघळणारा पांढरा थर सोडते, म्हणून इथेही डिस्टिल्ड पाणीच. काही व्यावसायिक गंजनाशकांत हायड्रोफ्लुरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लुराइड असते. डाग क्षणात जातो खरा, पण त्वचेवर पडलेला थेंब सुरुवातीला दुखतही नाही आणि आत हाडापर्यंत पोहोचतो. डब्यावर ही नावे दिसली तर तो डबा दुकानातच ठेवावा. आणि ज्या सीटवर आधी ब्लीच वापरलेले असेल तिच्यावर आम्ल लावण्याआधी ब्लीचचा अंशही उरू देऊ नये. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद गाडीत तो जीवघेणा ठरू शकतो.

चामड्यावर गंजाचा डाग तांबूस नसतो, काळानिळा असतो. वनस्पतींच्या साली-फळांनी कमावलेल्या चामड्यात टॅनिन असते आणि लोखंडाशी त्याचा संयोग होऊन शाईसारखा रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकस एकत्र करून आपल्याकडे काळा रंग आणि शाई बनवत, ती हीच क्रिया. इथे लिंबूसत्त्व निम्म्या प्रमाणात घ्यावे, चामडे भिजू न देता बोळ्याने टिपावे आणि लगेच ओल्या फडक्याने पुसावे. सोडा लावू नये, त्याने चामडे काळवंडते आणि कडक होते. सावलीत हळूहळू वाळवून मग चामड्याचे क्रीम चोळावे. ज्या चामड्याचा वरचा थर लालसर भुकटी होऊन बोटाला लागतो, त्याला पाणी अजिबात लावू नये. तिथे डाग राहू द्यावा.

टपाचे अस्तर या सगळ्यांत नाजूक. त्या काळच्या बहुतेक गाड्यांत ते आडव्या कमानदार लोखंडी सळयांवर ताणलेले असते आणि गंज प्रत्येक सळीच्या रेषेत पट्टा काढतो. पन्नास वर्षे ताणलेले सुती कापड ओले झाले की स्वतःच्या वजनानेही फाटू शकते. छोट्या डागावर पातळ लेप लावून पाहावा, बाकीचे सोडून द्यावे. अस्तर बदलण्याची वेळ आलीच तर सळ्या घासून रंगवल्याशिवाय नवे कापड चढवू नये. जमिनीवरचे गालिचे मात्र बाहेर काढून सावकाश, हवे तेवढ्या पाण्यात धुता येतात. त्यांच्याखालचा नमदा स्पंजासारखे पाणी धरतो. तो वाचवण्यापेक्षा टाकून तळाचा पत्रा तपासणे शहाणपणाचे.

हे काम पावसाळ्यात करू नये. दसऱ्यानंतरची कोरडी हवा त्याला सगळ्यांत योग्य, कारण गादी आतपर्यंत वाळायला वारा लागतो. पंख्यासमोर, सावलीत, सीट उभी ठेवून वाळवावी. वरून कोरडी लागली तरी काथ्यात ओल असते, म्हणून आणखी काही दिवस थांबून मगच ती गाडीत बसवावी. पावसाळ्यात उभ्या गाडीवर प्लास्टिकचे कव्हर घालण्यापेक्षा हवा खेळेल असे कापडी कव्हर घालावे आणि उघडीप मिळाली की काचा खाली करून ठेवाव्यात. दरवाजांच्या तळाची भोके मे महिन्यातच तारेने मोकळी करावीत. पहिला पावसाळा सरला की मागची गादी उचलून स्प्रिंगांचे कोपरे पाहावेत. ताजा गंज नारिंगी भुकटीसारखा असतो, बोटाने पुसला जातो आणि तेवढ्या जागेवर प्रायमरचा एक हात दिला की काम भागते.